मोजले किती, वाचले किती?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास देशातील विद्यापीठांच्या प्रवेशद्वारांवर नवे फलक झळकू लागतात. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे अमुक प्राध्यापक’ असा मजकूर, खाली प्राध्यापकांची छायाचित्रे आणि वर, बहुधा त्यांच्याहून मोठे, कुलगुरूंचे छायाचित्र. स्थानिक वृत्तपत्रांत बातमी येते, सत्कार होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी ही यादी तयार करतात. तिचा कच्चा माल ‘स्कोपस’ या एल्सव्हिअर कंपनीच्या नोंदवहीतून येतो. कोणाच्या शोधनिबंधांचा इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा उल्लेख केला, याच्याशी निगडित सहा मोजमापे एकत्र करून ही क्रमवारी लावली जाते. आयोआनिडिस स्वतः संशोधनातील सदोष पद्धतींचे जगप्रसिद्ध टीकाकार आहेत आणि त्यांच्या तक्त्यात लेखकाने स्वतःच स्वतःचे किती उल्लेख केले याचा वेगळा रकानाही आहे. आपल्या फलकांवर तो रकाना कधी उतरत नाही, हा भाग वेगळा.

फलकांबद्दल माझी तक्रार नाही. शिक्षकाचा सत्कार होत असेल तर तो कोणत्याही निमित्ताने व्हावा. प्रश्न फलकापाशी न थांबता नस्तीपर्यंत पोहोचतो तेव्हा गंभीर होतो. नेमणूक, बढती, अनुदान आणि संस्थेची क्रमवारी हे सारे निर्णय आता याच आकड्याकडे बोट दाखवून होऊ लागले आहेत. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची कल्पना मांडली गेली. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी १० हजार ३७२ कोटी रुपये मंजूर केले. जो देश आपल्या सकल उत्पन्नाचा एक टक्कादेखील संशोधनावर खर्च करत नाही, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. ती कोणाच्या हाती द्यायची, हे ठरवताना समितीपुढील कागदावर काय लिहिलेले असेल, हा म्हणूनच सार्वजनिक चर्चेचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी संगणकीय दृष्टीची, म्हणजे कॉम्प्युटर व्हिजनची, विद्याशाखा घेतो. यंत्राला चित्र ‘पाहता’ यावे, त्यात माणूस कोणता, गाडी कोणती, अक्षर कोणते हे ओळखता यावे यासाठीचे हे शास्त्र आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यातील गणितावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु उल्लेखांचे सर्वांत फुगलेले आकडे आज याच शाखेत सापडतात आणि सरकारी पैशाचा ओघही तिच्याच दिशेने आहे.

कायमिंग ह या संशोधकाचे उदाहरण पाहा. चीनमध्ये शिकलेल्या, हाँगकाँगमध्ये डॉक्टरेट केलेल्या या तरुणाने बीजिंगच्या मायक्रोसॉफ्ट प्रयोगशाळेत तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध डिसेंबर २०१५ मध्ये प्रसृत झाला आणि पुढच्या वर्षी ‘सीव्हीपीआर’ या संगणकीय दृष्टीच्या सर्वांत मोठ्या परिषदेत सर्वोत्तम ठरला. त्याला ‘रेसनेट’ म्हणतात. यंत्राच्या शिकण्याचे थर वाढवत नेले की ते अधिक हुशार व्हायला हवे. प्रत्यक्षात एका मर्यादेपलीकडे ते अधिकच चुकू लागे. या चौघांनी काढलेला तोडगा सचिवालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला चटकन कळावा असा आहे. प्रत्येक टेबलाने मूळ अर्ज स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहून पुढे पाठवला, तर दहाव्या टेबलापर्यंत अर्जदार काय मागत होता हेच हरवते. त्याऐवजी मूळ कागद तसाच पुढे जाऊ द्यावा आणि प्रत्येकाने त्याला फक्त आपली टिपणी जोडावी. रेसनेटने यंत्राच्या थरांना हीच शिस्त लावली आणि १५२ थरांचे जाळे शिकवून दाखवले.

‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने एप्रिल २०२५ मध्ये एकविसाव्या शतकातील सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या शोधनिबंधांचा आढावा घेतला, तेव्हा सर्व शास्त्रांत मिळून पहिला क्रमांक याच निबंधाचा आला. त्या आढाव्यातील दुसरी गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. रेसनेटचे उल्लेख किती, या साध्या प्रश्नाला वेगवेगळ्या नोंदवह्या वेगवेगळे उत्तर देतात. एकीत तो आकडा लाखाच्या जरासा वर आहे, तर दुसरीत अडीच लाखांच्या घरात. कारण सरळ आहे. कोणी फक्त निवडक नियतकालिके मोजते, कोणी परिषदाही मोजते, कोणी महाजालावर सापडेल ते सगळे मोजते. एका गावाची पैसेवारी तलाठ्याच्या वहीत वीस पैसे आणि तहसीलदाराच्या वहीत पन्नास पैसे निघाली, तर महाराष्ट्रातील कोणताही शेतकरी विचारील, की मग टंचाई जाहीर होणार की नाही? संशोधकाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. अर्जात जो आकडा मोठा तो लिहिला जातो.

शिवाय निबंधाचे लेखक चार आहेत आणि प्रत्येकाच्या खात्यावर सगळेच्या सगळे उल्लेख जमा होतात. चार भावांत जमीन वाटली तर प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्र चढावे, तसे. कायमिंग यांची थोरवी यामुळे उणावत नाही. २००९ मध्ये, विद्यार्थिदशेतच, धूसर छायाचित्रातील धुके काढून टाकण्याची युक्ती सांगणाऱ्या त्यांच्या निबंधाला याच परिषदेत सर्वोच्च मान मिळाला होता. (नोव्हेंबरात दिल्लीत राहणाऱ्या माणसाला या संशोधनाचे मोल पटवून द्यावे लागत नाही.) सांगायचे इतकेच, की ते मोठे आहेत हे त्यांचे लेखन वाचून कळते आणि आकडा त्याचा फक्त दूरचा पडसाद आहे.

हा पडसाद मोजण्याची कल्पना कोठून आली? इतिहासाच्या अभ्यासकाला येथे गंमत वाटते, कारण ती आली वकिलीच्या व्यवसायातून. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ पासून न्यायनिवाड्यांची एक सूची काढायला सुरुवात केली. एखाद्या निवाड्याचा पुढे कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेख झाला, हे तीत सापडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकाशनसंस्थेतून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याने युजीन गारफिल्ड या तरुण ग्रंथालयशास्त्रज्ञाला पत्र लिहून तिची माहिती कळवली. गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ पत्रिकेत विज्ञानासाठी अशीच सूची असावी असे सुचवले आणि १९६० च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. त्यांचा मूळ हेतू संशोधकांना गुण देण्याचा नव्हताच. एखाद्या जुन्या निबंधावर पुढे कोणी टीका केली असेल, त्यातील माहिती खोटी किंवा कालबाह्य ठरली असेल, तर नव्या अभ्यासकाला ते कळावे आणि त्याने डोळे झाकून तो निबंध उद्धृत करू नये, यासाठी त्यांना ती हवी होती.

विधी क्षेत्रातून विज्ञानात येताना मात्र वाटेत एक गोष्ट गळून पडली. शेपर्डच्या सूचीत नुसता उल्लेख नसे. उल्लेख कसा झाला तेही चिन्हांनी नोंदलेले असे. नंतरच्या न्यायालयाने तो निवाडा अनुसरला, की त्याहून आपले प्रकरण वेगळे आहे असे म्हटले, की तो रद्दबातल ठरवला? उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रे दाखल करण्यात ज्याची वर्षे गेली, त्याला या तीन शब्दांतील अंतर सांगावे लागत नाही. रद्दबातल ठरलेल्या निवाड्याचा पन्नास ठिकाणी उल्लेख आहे म्हणून तो भक्कम, असा युक्तिवाद कोणी सरकारी वकील करू धजेल का? विज्ञानाच्या मोजणीत मात्र ‘यांच्यामुळे आम्हाला दिशा मिळाली’ आणि ‘यांचा निष्कर्ष आम्हाला आढळला नाही’ या दोन्ही वाक्यांना एकच गुण मिळतो.

बहुसंख्य उल्लेख तर या दोन्हींपैकी नसतातच. ते हत्याराचे उल्लेख असतात. ‘आम्ही रेसनेट वापरले’ असे लिहायचे आणि निबंधाचे नाव खाली टाकायचे. सर्व काळातील सर्वाधिक उल्लेखिला गेलेला निबंध म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो १९५१ मधील ऑलिव्हर लाउरी यांचा, द्रावणातील प्रथिने मोजण्याची एक रीत सांगणारा आहे. त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले. ‘नेचर’ने २०१४ मध्ये शंभर सर्वाधिक उल्लेखित निबंधांची यादी काढली, तेव्हा तीत वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएची रचना सांगणारा निबंध नव्हता. रीत उपयुक्त असते, तिचा मान तिला मिळालाच पाहिजे. पण मोजपट्टी बनवणारा आणि नदीचा उगम शोधणारा यांची तुलना एकाच आकड्याने करू नये, हे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

याची उलट बाजू आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. काही विचार इतके रुळतात, की त्यांच्या जनकाचा निबंध उद्धृत करणेच लोक सोडून देतात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या घटनेकडे लक्ष वेधले होते. विचार सर्वांच्या बोलण्यात मिसळून जातो आणि मूळ लेखाचा माग पुसला जातो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास करताना दोन समूहांतील अंतर कसे मोजावे, हा प्रश्न हाती घेतला. १९३६ मध्ये त्यांनी त्याची व्यापक मांडणी एका भारतीय विज्ञानसंस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. आज जगातील कोणत्याही संगणकशास्त्राच्या वर्गात ‘महालनोबीस अंतर’ शिकवले जाते. ते वापरणाऱ्या किती निबंधांच्या तळटिपांत १९३६ चे ते कार्यवृत्त सापडते?

अनिल भट्टाचार्य यांची कथा तर थेट आपल्या विषयाला भिडते. कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये १९४३ साली त्यांचा एक निबंध आला. दोन संख्याशास्त्रीय समूह एकमेकांशी कितपत मिळतेजुळते आहेत हे मोजण्याचे माप त्यात होते. १९४३ म्हणजे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नावाचून मरत होती, जपानी विमानांच्या बॉम्बचे भय होते, आणि त्याच शहरात एका स्थानिक गणितपत्रिकेत हा निबंध छापला जात होता. त्यानंतर ५७ वर्षांनी, २००० सालच्या सीव्हीपीआर परिषदेत, चालत्या चित्रफितीतील माणसाचा किंवा वस्तूचा माग यंत्राने कसा ठेवावा हे सांगणारा एक निबंध सर्वोत्तम ठरला. त्याच्या गाभ्याशी भट्टाचार्यांचे माप होते. चित्रातील रंगांचा एक समूह पुढच्या चित्रातील कोणत्या समूहाशी सर्वाधिक जुळतो, हे ठरवण्यासाठी ते वापरले गेले.

आजच्या नियमांपुढे १९४३ चे भट्टाचार्य उभे करून पाहा. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढतात तो मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांच्या उल्लेखांवरून. भट्टाचार्यांच्या बुलेटिनला दोन वर्षांत काय मिळाले असते? छाननी करणाऱ्या कारकुनाने अर्ज पहिल्याच टप्प्यावर बाजूला ठेवला असता आणि त्याचे काही चुकले, असे नियमांच्या आधारे कोणाला म्हणता आले नसते.

आता आपले नियम काय सांगतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले आणि निबंधांना गुण मिळू लागले. २०१८ च्या नियमांत विज्ञान-अभियांत्रिकीतील नियतकालिकीय निबंधाला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १० गुण, इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर वाढीव गुण अशी व्यवस्था आहे. संगणकीय दृष्टीत मात्र खरी स्पर्धा नियतकालिकांत होत नाही, परिषदांत होते. २०२४ च्या सीव्हीपीआर परिषदेकडे ११ हजार ५३२ निबंध आले आणि २ हजार ७१९ स्वीकारले गेले. त्या वर्षी गूगल स्कॉलरच्या क्रमवारीत सर्व शास्त्रांच्या सर्व प्रकाशनांमध्ये ‘नेचर’च्या खालोखाल याच परिषदेचा क्रमांक होता. आणि आयोगाच्या तक्त्यात? परिषदेतील निबंधवाचन हे व्याख्याने आणि चर्चासत्रांच्या ओळीत बसते. परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर ७ गुण, देशातील आंतरराष्ट्रीय असेल तर ५. चौघांतल्या तिघांना परत पाठवणारी सीव्हीपीआर आणि शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचा निबंध स्वीकारणारी, एखाद्या पर्यटनस्थळाच्या हॉटेलातील ‘आंतरराष्ट्रीय’ परिषद या दोहोंना त्या ओळीत समान वागणूक मिळते. आयआयटीसारख्या संस्था या नियमांच्या बाहेर आहेत, त्यामुळे दिल्लीतील चर्चांत हा त्रास कोणाला जाणवत नाही. तो सोसावा लागतो राज्य विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना.

काही वर्षांपूर्वी एका निवड समितीत बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावले होते. पुढ्यात तक्ता होता. एका उमेदवाराचे शंभराहून अधिक निबंध, दुसऱ्याचे नऊ, नऊच्या नऊ परिषदांतील. तक्त्यात नियतकालिकांचा रकाना होता आणि परिषदांचा नव्हता. त्यामुळे दुसऱ्या उमेदवाराच्या नावापुढे ठळक शून्य होते. या दोघांपैकी कोणाचा एखादा निबंध कोणी वाचला आहे का, असे मी विचारले. समितीत विषयतज्ज्ञही होते. प्रश्न असभ्य वाटावा तशी शांतता पसरली. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, “साहेब, ते तर छापण्याआधीच कोणीतरी वाचलेले असते ना!”

छापण्याआधी कोण आणि कसे वाचते, याचा प्रत्यय आयोगालाच आला. पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यातील ८८ टक्के नियतकालिके प्राथमिक निकषांवरही टिकली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात ४ हजार ३०५ नियतकालिके यादीतून वगळली गेली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही मागे घेण्यात आली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढून टाकली, हे आयोगाचे चांगले पाऊल. राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी उणे गुण देण्यास २०२५ पासून सुरुवात झाली, तेही योग्यच. पण या साऱ्या मलमपट्ट्या आहेत. आकड्यावर बक्षीस ठेवले की आकडा तयार होतो, हे आपल्या प्रशासनाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रियांची नोंद झाली. जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट दिलेले होते. कुटुंबनियोजनातील ही उद्दिष्टपद्धती सोडायला आपल्याला १९९६ साल उजाडावे लागले. चीनने विद्यापीठांतील निबंधांमागे रोख बक्षिसे देण्याची पद्धत दोन-तीन दशके चालवली, आकड्यांत अमेरिकेला गाठले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील दोन मंत्रालयांनी ही बक्षिसे बंद करून निबंधसंख्येवर विसंबू नका असे फर्मान काढले. आपण ज्या शिडीवर चढायला निघालो आहोत, तिच्यावरून शेजारी उतरतो आहे.

संगणकीय दृष्टीच्या बाबतीत या शिडीचा आणखी एक तोटा आहे आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. उल्लेख मिळतात ते जेथे गर्दी असते तेथे. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ नावाचा चित्रसंच उभारला. हैदराबाद आणि बेंगळुरू परिसरातील रस्त्यांची सुमारे दहा हजार चित्रे, प्रत्येक चित्रातील वस्तूंना ३४ प्रकारांत विभागून खुणा केलेली. तोवर स्वयंचलित वाहनांचे संशोधन ज्या चित्रसंचांवर चाले, त्यांतील प्रमुख संच जर्मन शहरांतला. तेथे रस्ता संपतो कोठे आणि पदपथ सुरू होतो कोठे, हे यंत्राला स्पष्ट दिसते. आपल्याकडे डांबर संपल्यावर मातीचा पट्टा असतो, ज्यावरून गाडी न्यायची नसते पण नेता येते. भारतीय संचात या पट्ट्यासाठी वेगळा प्रकार करावा लागला, रिक्षासाठी करावा लागला, जनावरांसाठी करावा लागला. भारतीय रस्त्यावर यंत्राने माणूस चिरडू नये अशी इच्छा असेल, तर याहून निकडीचे काम कोणते? पण उल्लेखांच्या शर्यतीत तो जर्मन संच कितीतरी पुढे आहे आणि राहणार, कारण जगभरच्या प्रयोगशाळा आपले निकाल त्याच्याशी ताडून पाहतात. कारकीर्दीची चिंता असलेला भारतीय संशोधक मग काय करील? तोही जर्मन रस्त्यांवरच संशोधन करील. त्यात त्याचा दोष नाही.

हेच लिप्यांबाबत खरे आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतील पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. आयआयटी रुरकीतील संशोधकांनी अलीकडे मोडी हस्तलिखिताचे देवनागरी लिप्यंतर करणारी संगणकीय प्रणाली मांडली, तेव्हा इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला झालेला आनंद कोणत्याही क्रमवारीत मावणारा नव्हता. हे तंत्र पक्के झाले तर मराठ्यांच्या इतिहासातील महसूल, दुष्काळ, जातपंचायती, पेठांची वसाहत यांवरचे कागद पहिल्यांदाच सामान्य अभ्यासकाच्या आटोक्यात येतील. पण जगात मोडीवर काम करणारे संगणकशास्त्रज्ञ किती? त्यांच्याकडून उल्लेख येऊन येऊन किती येणार? जी लिपी वाचणारे थोडे, तिच्यावरील संशोधनाचे उल्लेखही थोडेच असायचे. शारदा, ग्रंथ, कैथी या लिप्यांचीही तीच गत. ज्या कामाची देशाला सर्वाधिक गरज आणि जे परदेशातील कोणी आपल्यासाठी करणार नाही, नेमके त्यालाच आपली पद्धती सर्वांत कमी गुण देते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. आकडे काढून टाकले तर उरते काय? तज्ज्ञांचे मत, आणि आपल्याकडे तज्ज्ञांचे मत म्हणजे पुष्कळदा गट, जात, गुरुकुल आणि शिफारसपत्र. लहान गावातून आलेल्या, कोणी वाली नसलेल्या संशोधकाला आकडा हीच एक ढाल असते. ‘माझे उल्लेख मोजा, माझे आडनाव नको’ असे तो म्हणतो, तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. तज्ज्ञांचे मतही डळमळीत असू शकते. यंत्रशिक्षणाच्या ‘नुरिप्स’ या परिषदेने २०१४ मध्ये तेच काही निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले, तेव्हा एका समितीने निवडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारलेले निघाले.

तरीही या आक्षेपाचे उत्तर प्रशासनाला ठाऊक असलेलेच आहे. अधिकाऱ्याच्या मनमानीवर उपाय म्हणून आपण निर्णय घेणारे यंत्र बसवले नाही. सकारण आदेशाचे तत्त्व स्वीकारले. निर्णय घ्या, पण कारणे लिहा, खाली सही करा आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला त्याला ती कारणे वाचू द्या. संशोधकाच्या निवडीला हे तत्त्व लावायला अडचण कोणती? भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्येच म्हटले होते, की मूल्यमापन निबंधांच्या संख्येवरून नव्हे, तर उमेदवाराने स्वतः निवडलेल्या मोजक्या उत्तम निबंधांच्या आशयावरून व्हावे. त्याला माझी पुरवणी एवढीच, की अनुसंधान प्रतिष्ठानाने आणि आयोगाने अर्जातील उल्लेखांचा रकाना काढून तेथे पाच कामांची जागा ठेवावी. त्यांत नियतकालिक, परिषद, चित्रसंच, सर्वांना वापरता येणारी संगणकप्रणाली असा भेद नसावा. प्रत्येक काम समितीतील दोघांनी वाचावे आणि त्यात नवे काय, चुकीचे काय, कोणाच्या उपयोगाचे काय यावर दोन परिच्छेद लिहून सही करावी. ती टिपणी माहितीच्या अधिकाराखाली उमेदवाराला मिळावी. आडनाव पाहून गुण देणाऱ्या तज्ज्ञालाही मग न वाचलेल्या निबंधावर दोन परिच्छेद स्वतःच्या सहीने लिहावे लागतील. शंभर निबंधांच्या रकान्यामागे लपणाऱ्या समितीपुढे हे संकट कधीच नव्हते.

यासाठी वेळ कोठून आणायचा, असे मला नेहमी विचारले जाते. हिशेब अवघड नाही. अंतिम फेरीत वीस उमेदवार धरले तर निबंध शंभर होतात. सीव्हीपीआरचा निबंध, संदर्भसूची वगळता, आठ पानांचा असतो. म्हणजे आठशे पाने. प्रत्येक निबंध दोघांनी वाचायचा म्हणून सोळाशे. पाच सदस्यांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला ३२० पाने येतात. भूसंपादनाच्या साध्या प्रकरणाची नस्तीसुद्धा याहून जाड असते.